तुसात ठेवलेल्या बाटल्या

त्या बाटल्यांची केस कागदावर केव्हाच बंद झाली, माझ्या मनात झालेली नाही. तेव्हा मी भिवंडीच्या पोलीस ठाण्यात होतो, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. राहनाळच्या एका परवानाधारक गोदामातून वाइनचे चार खोके गेल्याची फिर्याद मॅनेजरने दिली. माल नाशिककडच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराचा. एकरभर जुनी बाग. द्राक्षं वेलीवरच सुरकुतू द्यायची, उशिरा खुडायची आणि त्यांची गोड पांढरी वाइन करायची. वर्षाला मोजक्याच बाटल्या. फोनवर ते एवढंच म्हणाले, "साहेब, तो खुडा माझ्या बायकोच्या हातचा शेवटचा आहे."

संशय वॉचमनवर होता. जवळच्या दिघाशी गावचा, साठीचा, बायको वारलेली. मी पोलिसी आवाज लावला आणि, लपवत नाही, एकदा हातही उठला. तो एकच धरून बसला, "बाटल्यांच्या मालकांना बोलवा. त्यांनाच सांगीन." मला वाटलं, चोर तो चोर, वर शिरजोर.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा चहावाला, आमचा जुना खबरी, म्हणाला, "साब, वो बुड्ढा भाताच्या गिरणीतून पोती भरून तूस नेतो. घरात ना बैल, ना म्हैस. खाणार कोण?"

पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. आतल्या काळोख्या खोलीत भाताची कणगी, तिच्याभोवती ओलं गोणपाट. हात घातला तर तुसात आडव्या निजवलेल्या बाटल्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस, एकही फोडलेली नाही. तेव्हा तो बोलला.

"मॅनेजर लग्नाला गेलेले आन् थंड खोलीची मशीन बंद पडली. फोन केला, कुनी उचलला न्हाय. मालकांचा नंबर माझ्याकडं न्हाय. खोकी ठेवायला आले तवा माझ्या बाजूला बसून चहा प्यायले. म्हनाले, बायकोची आठवन हाय, उष्णतेनं मरेल. आमच्यात बर्फ तुसातच ठेवायचे. मॅनेजरला का तुमाला, कुनालाबी सांगितलं असतं तर परत पत्र्याखाली टाकली असती."

खोटं नव्हतं. आमच्या मुद्देमालाच्या खोलीवरही पत्राच होता. पंचनामा करून मी कणगीलाच सील ठोकलं आणि पहाऱ्यावर शिपाई बसवला. मालक आले तेव्हा पंचांसमोर सील उघडलं; त्यांनी तुसात हात घालून एकेक बाटली चाचपली. चोरीचा हेतू नाही, असा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि आदेश झाल्यावर बाटल्या त्यांच्या ताब्यात दिल्या. दारू हलवायला लागणाऱ्या सरकारी पासशिवाय माल हलवला म्हणून वॉचमनची नोकरी मात्र गेली.

निघताना मी त्याला विचारलं, घरी कोण असतं?

"आता कोन न्हाय," तो रिकाम्या कणगीकडे बघत म्हणाला. "रोज सांजच्याला गोणपाट भिजवायचो. घरात कुनीतरी हाय असं वाटायचं."

नोकरीभर मी 'माल कुठे आहे' हे आधी विचारलं. 'घरी कोण असतं' हे आधी विचारायला हवं होतं. त्या दिवशी माफी मागायची होती, पण अंगावर वर्दी असताना ते जमलं नाही. आता बायको गेली, मुलं परदेशात. संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालायला मी एकटाच असतो, आणि ती राहिलेली माफी रोज आठवते.