मारोतीचे कान

हे म्या अजून कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला न्हाई, दारू पिऊन बी न्हाई — आन दारू पिल्यावर मी काय काय सांगत आसतो ते पेडगावातल्या कुत्र्यायलाबी ठाऊक हाय. तुमाला सांगायलो. कामून? तुमी मला वळखत न्हाई, म्हणून आसंल.

मी हसवणारा माणूस. शाळेत दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी मास्तरच म्हणले, तू घरीच बरा. लग्न आसू, बारसं आसू, लोक मलाच बोलायला लावत्यात. मपलीच फजिती सांगायची, एवढंच येतं मला. पण एक फजिती — मपलीच व्हती ती — म्या दुसऱ्याच्या नावावर खपवली.

परभणीतली आमची जुनी जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी, आता बघण्यासारखी झालीय म्हणं. आत गाडी न्यायची न्हाई, पायीच फिरायचं. जिथं धूळ खाऊन आमी रगत पडंस्तोवर खोकलो, तिथं काचाच्या गिलासात थंडगार कॉफी पेत्यात. सरकीच्या गोदामात चित्रं टांगलीत. आन मशिनीला सोनेरी रंग. रंग. जसं काय नवरीच हाय ती. भवती दोरी, दोरीला पाटी. मला वाचता येत न्हाई, मारोतीनं वाचून दाखवली — 'हात लावू नका.'

मारोतीनं वाचली. उजव्या हाताची चार बोटं त्याच मशिनीत गेलेल्या माणसानं. मपलं डोस्कं आसं तापलं, वाटलं पाटी उपटावी आन — कुणाच्या टाळक्यात घालावी? मपल्याच?

मारोती मपला जोडीदार. पेडगावाहून एकाच सायकलवर यायचो आमी. पायडल त्यो मारायचा, मी मागं बसून बडबडायचो. लाईट गेली की त्यो रोलरमधी अडकलेला कापूस हातानं काढायचा. लाईट आली की मशिनीचा खटका म्या वढायचा, आन वढायच्या आधी वरडायचं — 'हात', म्हंजे हात काढ. एवढंच. दिवसभरात मपलं खरं काम म्हंजे त्यो एक शब्द.

आन एक दिवस बोटं गेली. मालक पळत आले, मला म्हणले, वरडला न्हाईस का रं?

मी म्हणलो, "वरडलो की मालक. ह्येलाच ऐकू कमी येतं."

आसा मारोती भैरा झाला. त्या मिंटाला. परत कोणच्याच मशिनीवर त्येला कुणी उभं केलं न्हाई. ठरलेली सोयरिक मोडली — बोटांचं चाललं आसतं, पण भैरा नवरा कुणी करावा? भावाच्या शेळ्या राखत म्हातारा झाला त्यो. कानाच्या शिबिरात डॉक्टर म्हणला, कान साफ हायत बाबा. तरीबी गाव त्येच्याशी वरडूनच बोलतं. आन त्योबी आता मान वाकडी करून ऐकतो. तुमी सांगा, चांगला ऐकू येणारा माणूस आसा मान वाकडी कामून करतो? कुणी शिकवलं त्येला?

वरडलो व्हतो का मी? सांगतो. थांबा.

जिनिंग आशी सजवणाऱ्या लोकांनी आमच्यासारख्या जुन्या कामगारांना बोलावलं. शाल दिली — आरपार दिसंल इतकी पातळ. मंग माईक मपल्या हातात. आता माईक हातात आल्यावर मी गप बसतो व्हय? तीस वर्षं गावात सांगतो तीच गंमत सांगितली: "म्या म्हणलं हात, आन ह्या भैऱ्याला ऐकू आलं भात. बसला की जेवायला." कॉफीवाले लय हसले. एका बाईच्या डोळ्यात पाणी आलं हसून. मारोती पुढंच बसला व्हता. त्योबी हसला. डाव्या हातानं मांडीवर थापा मारून मारून हसला. त्येला हसताना बघून मला मपली जीभ उपटून त्या सोनेरी रोलरमधी घालावी वाटली. पण म्या काय केलं? अजून एक सांगितली.

मंग लोक खायाला पांगले. मशिनीपाशी आमी दोघंच.

"एक विचारू का रं?" मारोती म्हणला. "रागावू नको. त्या दिवशी तू वरडला व्हतास ना?"

रागावू नको म्हणतो. मला.

तोंडापाशी आलं व्हतं. खरंच आलं व्हतं. आन मी म्हणलो, "वरडलो की रं मारोती. चांगला मोठ्यानं."

त्येनं मान हलवली. "मंग मलाच ऐकू आलं नसंल. डॉक्टरला काय कळतं." वरतून मलाच म्हणला, "उगं विचारून तरास दिला तुला."

मी वरडलो न्हवतो.

भीती न्हवती, घाई न्हवती, कुणी बोलवलं न्हवतं. तोंडात तंबाखू व्हती. लाईट गेली तव्हा मारोतीनंच मळून दिलेली, ताजी. आत थुंकायची बंदी, कापसाला डाग पडतो. थुंकायला दारापतुर जावं लागलं आसतं. वीस पावलं. मला कंटाळा आला, आन तंबाखू चांगली लागली व्हती.

म्या तोंड मिटूनच खटका वढला.