एका ओळीचा अर्ज

बचत गटाच्या बायकांची सहल ताम्हिणी घाटात निघाली, तेव्हा शमीमभाभी जिल्ह्याच्या हद्दीपाशी गाडीतून उतरल्या. पुढे रायगड जिल्हा लागतो, असा तिथे फलक होता. डबे मांडीवर घेऊन त्या फलकाच्या अलीकडे कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "जावा तुमी. माझं पुणं हितं संपलं."

धबधबा तिथून हाकेच्या अंतरावर होता. आम्ही ओरडलो, "भाभी, कोण बघतंय?"

"कुनी बगत न्हाई तवाच तर विचारून जायाचं आसतंय."

तासाभराने आम्ही भिजून परतलो, तर त्यांनी बाराजणींची पानं मांडून ठेवली होती. मी तेव्हा त्यांना खूप हसले होते. आज त्याची लाज वाटते.

भाभींचा जन्म कराचीचा. आई मूळची आमच्या पौडचीच, लग्न होऊन तिकडे गेलेली. तिने लेक परत माहेरीच, आपल्या भावाच्या मुलाला दिली. एकोणिसाव्या वर्षी भाभी पौडात आल्या आणि पुढची बत्तीस वर्षं बाजारपेठेत ब्लाऊज शिवत राहिल्या. अर्ध्या तालुक्याची मापं त्यांना तोंडपाठ होती, पण कागदावर त्या परदेशी. जिल्ह्याबाहेर जायचं तर आधी पोलीस कचेरीत कळवा, मुदत संपत आली की राहण्याची परवानगी वाढवून घ्या. नागरिकत्वाचा अर्ज त्या वारल्या तेव्हाही निकाली निघाला नव्हता. मी सरळच लिहिते, हे क्रूर आहे. भाभी असं कधी म्हणाल्या नाहीत. नवीन गिऱ्हाइकाने "तुमी कुठल्या?" विचारलं की टेप गळ्यात टाकून सांगायच्या, "मी परवानगीची. हात वर करा."

मग कराचीत त्यांच्या आईने अंथरूण धरलं. म्हातारी फोनवर भाभींपेक्षा जुनं मावळी बोलायची. रोज एकच प्रश्न: "शमे, कवा येतीस?"

जाण्यापेक्षा परत येणं अवघड होतं. परतीची परवानगी आधी हातात नसेल तर भाभींना आई भेटली असती, पण पौडचं घर, मुलगा आणि नातवंडं कायमची सुटली असती. अर्जाच्या कामाला मीच पुढे झाले. मी एका संघटनेत होते आणि तिची मोर्चा-आंदोलनांची पत्रकं मीच लिहायचे, त्यामुळे मला सगळं लिहिता येतं असा माझा समज होता.

भाभींनी मजकूर सांगितला, "आई लई आजारी हाय, तिला बगून परत यायाचं हाय. बास, येवढंच लिव."

मला ते दीनवाणं वाटलं. मी अर्जाला दोन पानी निवेदन जोडलं, बाजारपेठ पालथी घालून चाळीस सह्या घेतल्या, आणि शेवटी सवयीने, खरंच निव्वळ सवयीने, आमची नेहमीची ओळ टाकली: 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.'

भाभींनी चष्मा लावून ते वाचलं. "अगं, मी आईला भेटाया चाललेय का भांडाया?"

"भाभी, भीक नाही मागायची. हक्क मागायचा."

"तू भांडशील आन् तुज्या घरात जाऊन झोपशील, पोरी. मला झोपाया पन कागद लागतुया."

तरी त्यांनी सही केली. मी त्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरले होते, माझं मन त्यांना मोडवलं नाही.

कचेरीतल्या साहेबांनी शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. "आंदोलन कोण करणार? ह्या बाई?"

अर्ज चौकशीला गेला. चाळीसही जणांना एकेक करून विचारलं गेलं. रसवंतीवाला म्हणाला, "मला वाटलं पान्याच्या टाकीची सही हाय." आठवड्यांमागून आठवडे गेले. फोनवरचं 'कवा येतीस' हळूहळू पुसट झालं, मग नुसता श्वास ऐकू यायचा. भाभी तोही ऐकत बसायच्या.

एका शुक्रवारी तोही थांबला. दफनाला निघालेली आई भाभींनी मोबाईलवर पाहिली. दारातून बाहेर काढताना नेट तुटलं. त्या तशाच मशीनवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी शिवलेल्या ब्लाऊजचे सगळे हुक उलट्या बाजूला लागले होते.

आठवड्याने कचेरीतून निरोप आला. प्रवासाचं कारण उरलं नसेल, तर अर्ज मागे घेत असल्याचं लेखी द्या. भाभींनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं, 'माझी आई वारली, म्हणून अर्ज मागे घेत आहे.' पुढे काही सुचलं नाही.

हा अर्ज मात्र उभ्या उभ्या मंजूर झाला. शिक्क्याची प्रत हातात घेऊन भाभी कचेरीच्या पायऱ्यांवर थांबल्या. चष्मा लावून त्यांनी ती एक ओळ वाचली, परत वाचली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"आसंच लिवायचं हुतं गं, पोरी. पयल्यांदाच."