सुपारीएवढी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर निघाला आणि मुंबईला ऑपरेशन करून ती अख्खी काढली. रिपोर्ट इंग्रजीत. तो वाचायचा मान अर्थातच माझा, कारण घरात मास्तरीण मी एकटी, आणि शहाणपणाची हौसही माझीच दांडगी. ग्रंथी मोसंबीएवढी वाढली होती म्हणे. एवढी मोठी म्हणजे रोगही मोठाच, असं मी धरून चालले. नानांना मात्र ठोकून दिलं, "काही नाही हो नाना, सुपारीएवढी तर होती!"

नाना पांघरूण ओढून कुशीवर वळले. मला वाटलं, जीव भांड्यात पडला त्यांचा.

चोपड्याजवळच्या आमच्या गावी आलो. केळीची लागवड तोंडावर आली, तरी नाना कंद बघायला जाईनात. "दीड वरीसनं पीक कोन देखी?" एवढंच म्हणायचे; म्हणजे दीड वर्षानं येणारं पीक बघायला मी कुठे असणार! केळीशिवाय ज्यांना दुसरा विषय नव्हता, त्या नानांना असं बोलताना ऐकून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडायची. एवढं धीराचं खोटं मी बोलले, ते वायाच गेलं!

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. नानांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, ग्रंथी लहान असली तर रोग जास्त वाईट असतो ना? शेजारच्या खाटेवरच्याला तुम्हीच सांगत होते."

"कधी कधी असतो. पण तुमची कुठे लहान होती? चांगली मोसंबीएवढी! त्यातली बरीचशी वाढ वयाची, साधी. तिनेच लघवी अडवली, म्हणून तुम्ही लवकर आलात आणि कॅन्सर छोटा असतानाच सापडला. मोठी ग्रंथी असलेल्यांचं ऑपरेशननंतर बहुधा बरं चालतं. तपासण्या मात्र चुकवू नका."

नानांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"बठ्ठा घोर तुन्हाच शे!" सगळा घोर तुझाच, असं डॉक्टरांपुढेच ते ओरडले, आणि मग ठसका लागेपर्यंत हसले.

त्याच आठवड्यात केळी लावली. दीड वर्षानं पहिला घड घेऊन नाना स्वतः जळगावला माझ्या दारात उभे राहिले. घड खाली ठेवला, खिशातून एक सुपारी काढली आणि माझ्या हातावर टेकवली.

"ले," म्हणाले, "तुन्ही सुपारी."