फिरत्या खुर्चीवरचा शास्त्रज्ञ

पृथ्वी फिरते ही गोष्ट माझ्या एका शाळासोबत्याइतकी मनाला लावून घेतलेला माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. आधी त्याने पंधरा वर्षं परदेशातल्या प्रयोगशाळेत आकाशातून येणारे कण मोजले. मग त्याच्या लक्षात आलं की आपले शोधनिबंध जगात नऊच जण वाचतात आणि त्या नवांचंही आपसात पटत नाही. नोकरी सोडून गडी परत आला. रेडिओवर व्याख्यानं द्यायला लागला, पण तिथेही हवेत बोटाने आकृत्या काढून श्रोत्यांना ‘आता हे बघा’ म्हणायचा. वर्तमानपत्रात सदर लिहिलं, तर पारोळ्याच्या एका वाचकाने पत्रातून विचारलं, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का लागतं? याने उत्तर लिहिलंच नाही. थर्मामीटर घेऊन थेट त्याच्या घरी गेला आणि दोन दिवस मुक्काम ठोकला. त्या घरचे लोक अजून त्याची आठवण काढतात, जरा जपूनच काढतात.

शेवटी तो आमच्या जामनेरच्या आठवडे बाजारात बसायला लागला. कांद्याच्या ढिगाशेजारी एक फिरती खुर्ची, तिच्यावर हा पाय वर उचलून बसलेला, हातात गरगर फिरणारं सायकलचं चाक. चाक तिरपं केलं की खुर्चीसकट हाही फिरायचा आणि फिरता फिरता सगळ्यांना ‘बठ्ठा देखा’ म्हणून बोलवायचा. माझी मान खाली जायची. शाळेत गणितात मी पास झालो तो याच्यामुळेच, तरीही.

माझ्या मुलीला बघायला धुळ्याहून पाहुणे आले, तो नेमका बाजाराचा दिवस. स्टँडवरून घरी जायचा रस्ता बाजारातूनच. मुलीचे होणारे सासरे खुर्चीसमोर थबकले.

“ओळखीचे का तुमच्या?”

सोयरीक मोडेल या भीतीने माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही हो. असेल कोणी औषध विकणारा.”

खुर्ची नेमकी आमच्याकडे तोंड करून थांबली. त्याने ऐकलं होतं. जन्मभर मला अरे-तुरे करणारा तो माणूस हात जोडून म्हणाला, “डोकानं औषध शे, साहेब. आज सरी गयं.”

डोक्याचं औषध, तेही आजच संपलं म्हणे, असं म्हणत पाहुणे हसले. लग्न ठरलं.

लग्नाला तो आला. व्याह्यांनी त्याला ओळखलं आणि भर मांडवात गुडघ्यावरचं औषध विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. हा माझा मित्र, मोठा शास्त्रज्ञ आहे, एवढं एक वाक्य पुरे होतं. पंगतीचं बघतो म्हणून मी तिथून सटकलो. गुडघ्यावर शरीराचा भार कसा पडतो, हे तो व्याह्यांना शांतपणे समजावून सांगत असलेला मला मागून ऐकू येत होता.

हल्ली तो शिंदखेड्याच्या बाजारात बसतो. माझी पंचाईत नको म्हणून जामनेरला येत नाही. व्याही मात्र फोनवर आवर्जून विचारतात, ते औषधवाले बरे आहेत ना? बरे आहेत, म्हणतो मी. मग फोन ठेवल्यावर घरातल्यांनाही तोंड दाखवावंसं वाटत नाही.