डेव्हनमधल्या बेचाळीस गाई

२००१च्या वसंतात सुमेधाला उठल्या उठल्या वारा कुठून येतोय ते बघायची सवय लागली. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या टेकड्यांमध्ये गुरांची लाळ्या-खुरकूत पसरली होती, आणि ती वाऱ्याबरोबरही पसरते. जिथे रोग सापडे तिथली सगळी गुरं सरकारी माणसं मारत आणि जाळत. धूर आधी पार लांब दिसायचा, मग दोन टेकड्यांपलीकडे आला, आणि एका मंगळवारी शेजारच्या टॉमच्या मेंढ्यांवर संशय आला. दुपारपर्यंत बंदुकांचे आवाज येत राहिले.

सुमेधा लंडनच्या हॅरोत जन्मलेली. केंब्रिजला शिकताना तिला पॉल भेटला आणि लग्नानंतर ती त्याच्या वडिलांच्या शेतावर राहायला आली. पॉल शाळेत शिकवायचा. रोज ये-जा केली तर बुटांबरोबर रोग आत येईल, म्हणून पाच आठवडे तो गावात मित्राकडे राहत होता. दुधाचा टँकर तेवढा फाटकाशी चाकांवर औषध मारून घेऊन आत यायचा. बाकी शेतावर ती, पंचाहत्तरीचे सासरे एर्विन आणि बेचाळीस गाई. पॉलसारखीच तीही सासऱ्यांना पापा म्हणायची.

हॅरोहून तिची आई मधुमती रोज फोन करायची. ती मूळची कराडकडची.

"आमच्याकडेही व्हायचं गं गुरांना," ती म्हणाली. "तोंडाला हळद-लोणी लावायचे. पंधरा दिवसांत चरायला लागायची. मारतात कशाला?"

 सुमेधाने पापांना हे सांगितलंच नाही.

बुधवारी सकाळी चारा टाकताना तिला दिसलं, की हुल्डा नावाच्या गाईच्या तोंडातून लाळेची तार लोंबतेय. तिने मूठभर गवताने ती पुसली. तार पुन्हा आली.  अजून कुणी पाहिलेलं नाही, असा विचार मनात आला आणि त्याची तिला लाज वाटली; तरी अर्धा तास ती उगाच बादल्या इकडून तिकडे नेत राहिली. शेवटी घरात गेली. एर्विननी तिच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं.

"कोणती?" त्यांनी विचारलं.

ते स्वतः जाऊन बघून आले, हात धुतले आणि त्यांनीच सरकारी कचेरीत फोन लावला. गुरांचे डॉक्टर दोन तासांत येतील, असं उत्तर मिळालं.

त्या दोन तासांत, गोठ्याच्या दाराशी पेंढ्यावर बसून, त्यांनी पॉललाही कधी न सांगितलेलं तिला सांगितलं. त्यांच्या वडिलांचं शेत सायलेशियात, तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्व टोकाला होतं. एर्विन एकोणिसाव्या वर्षी युद्धकैदी होऊन इंग्लंडला आले, डेव्हनच्या छावणीतून शेतांवर मजुरीला जाऊ लागले. पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियन फौजा आल्या तशी घरची मंडळी बर्फातून पश्चिमेकडे निघाली. निघताना वडिलांनी चौदाही गाईंचे दोर सोडले आणि गोठ्याचं दार उघडं ठेवलं. वाटेतच वडील वारले. शेवटपर्यंत गाईंबद्दल विचारत होते, असं आईने नंतर पत्रात कळवलं. परतायला घरच उरलं नव्हतं. मग एर्विन इथेच राहिले. काटेरी झुडपांचा आणि दलदलीचा हा माळ कुणालाच नको होता. हातांनी चर खणून त्यांनी तो कोरडा केला. तीन वर्षांनी पहिल्या दोन गाई आल्या.

"आज काही झालं तर मी आत उभा राहणार," ते म्हणाले. "शेवटच्या गाईपर्यंत. वडिलांना ते जमलं नाही. तू मात्र घरात थांब."

"मी नाही थांबणार घरात," सुमेधा म्हणाली.

पांढरा डगला घातलेली तरुण डॉक्टर आली. तिने हुल्डाचे खूर पाहिले, मग तोंड उघडून बराच वेळ बॅटरी धरली. एर्विन गाईच्या मानेवर हात ठेवून उभे होते. अखेर डॉक्टरने चिमट्याने जिभेखालून काट्याचा एक लांबट तुकडा ओढून काढला. फोड कुठेच नव्हते. तरीही तिने उरलेल्या एक्केचाळीस गाई तपासल्या. दुपार टळून गेली. ती गेल्यावर एर्विन अंगणातच खाली बसले आणि सुमेधाला त्यांना धरून उठवावं लागलं.

टॉमच्या मेंढ्यांचा अहवाल दहा दिवसांनी आला. त्यांना रोग नव्हताच. एर्विननी टॉमला फोन केला. टॉमने पुन्हा मेंढ्या पाळल्या नाहीत.

एर्विन २००६ साली गेले, घरातच, झोपेत. पण त्या पाच वर्षांत फाटकाशी अनोळखी गाडी थांबली की ते जेवता जेवता उठून उभे राहायचे. सुमेधाही.