गल्लीच्या तोंडापासून

आमच्या ऑफिसात तिला सगळे व्हिडिओवालीच म्हणतात. घरं विकायचा धंदा आमचा. विकाऊ घरांचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायचं काम तिचं. त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, हे तिच्याशी रोज भांडत असूनही मी कबूल करते.

तिची एक पद्धत होती. बाकीचे हॉल आणि किचन दाखवून मोकळे होतात. ही गल्लीच्या तोंडाशी फोन सुरू करायची आणि मध्ये कुठेही न थांबता, बोलत बोलत, फाटकातून, लिफ्टमधून थेट शेवटच्या खोलीपर्यंत जायची. तुकडे जोडलेल्या व्हिडिओत लबाडी लपते, असं तिचं म्हणणं. शिवाय रिकामं घर खायला उठतं, म्हणून राहत्या माणसांचं काहीतरी कोपऱ्यात राहू द्यायची. गिऱ्हाइकं डोळे झाकून विश्वास ठेवायची.

अशाच एका विकाऊ घरात मालकाची बहीण शाळकरी लेकीला घेऊन राहत होती. नवरा हात उगारायचा म्हणून गुपचूप निघून आलेली. त्याला पत्ता लागू नये, एवढीच तिची धडपड. भावानं घर विकायला काढलं तेव्हा तिनं हात जोडून सांगितलं, आमचे चेहरे नकोत, फोटो नकोत, दारावरची पाटी नको. व्हिडिओवालीनं सगळं पाळलं. भिंतीवरचे फोटो स्वतः उतरवले. मुलीच्या खोलीत सायकल तेवढी ठेवली, कारण तिचा लाल रंग उठून दिसत होता.

व्हिडिओ जोरात चालला. एका दुपारी जेवताना ती मला त्याखालच्या कमेंट वाचून दाखवत होती. पाणी पूर्ण वेळ असतं का, गाडी कुठे लावायची, भाव कमी होईल का, नेहमीचीच रडगाणी. मध्येच तिनं फोन माझ्यापुढे धरला.

"सायकलची टोपली मीच बसवली होती. लेक मोठी झाली असेल आता."

माझा घास हातातच राहिला. तिनं व्हिडिओ काढून टाकला, पण कमेंट आदल्या दिवशीची होती. त्या माणसाला आम्ही बोट धरून लेकीच्या खोलीपर्यंत नेलं होतं.

मुलीची आई फोन उचलेना. कामावर तिला फोन कपाटात ठेवावा लागे. मुलगी शाळेतून येऊन घरी एकटीच असणार. व्हिडिओवाली चाव्यांचा जुडगा घेऊन पळत सुटली. मी पोलिसांना कळवलं, मग आईच्या कामावरच्या साहेबांना. त्यांनी तिला फोनवर बोलावून आणलं, आणि मी तिला घरी पळायला सांगितलं.

व्हिडिओवालीनं नंतर मला सांगितलं, ती पोचली तेव्हा फाटकाशी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उभा होता, काखेत चॉकलेटचा डबा. व्हिडिओ त्यानं आधीच उतरवून घेतला असावा, कारण त्याच्या फोनमधून व्हिडिओवालीचाच आवाज येत होता, आत आलात की डावीकडे लिफ्ट आहे.

तोंड हसरं ठेवून ती म्हणाली, घर बघायला आलात ना, या, मी दाखवते. आणि त्याला शेजारच्या इमारतीत घेऊन गेली. तिथल्या रिकाम्या फ्लॅटची चावी जुडग्यात होती. तिनं नळ सोडून दाखवले, कपाटं उघडून दाखवली, जेवढं तोंड चालवता येईल तेवढं चालवलं. तो नुसता मान हलवत होता. मग खिडकीशी जाऊन म्हणाला, व्हिडिओत उजेड दुसऱ्या बाजूनं येत होता.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला व्हा," तो हळूच म्हणाला. डबा त्यानं ओट्यावर नीट ठेवला आणि तिचं मनगट धरलं. तेवढ्यात खाली पोलिसांची गाडी थांबली. खिडकीतून ती दिसताच त्यानं हात सोडला. पोटच्या पोरीला भेटायला आलो, असं पोलिसांना सांगून तो सुटलासुद्धा. तोवर आईनं घरी येऊन लेकीला अंगावरच्या कपड्यांनिशी दुसरीकडे हलवलं होतं. पण तो गावात कुठे फिरतोय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हिडिओवाली महिनाभर एकटी जिना उतरली नाही.

मग एकदा ऑफिसच्या फोनवर त्या आईचा फोन आला. मी तो व्हिडिओवालीकडे दिला. ती रडत रडत माफी मागायला लागली, तर पलीकडून इतकं स्पष्ट बोलणं आलं की मलाही ऐकू गेलं.

"तुमच्यामुळे माझी लेक वाचली ताई, हे मी विसरणार नाही. पण आता आम्ही कुठे राहतो, ते तुम्हाला सांगणार नाही."

"नकाच सांगू," व्हिडिओवाली म्हणाली.