माळावरच्यांची शेजारीण

मोठी मायने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. शेजारची बाई वाटीभर विरजण देऊन गेली, तर तिच्या वाटीतून चार शेंगा तरी जायच्या. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. घाईतलं कुणी "राहू दे ना माय, तशीच दे" म्हणालं, की ती वाटी पदराखाली धरून म्हणायची, "रिकामी द्यायला आपलं भांडण झालं काय?" अशा बाया गावोगावी असतात. साखऱ्यातली माझी ही थोरली काकू तेवढ्यावरच राहिली असती, तर मी तिच्यावर लिहायला बसले नसते. आमचं गावही आज जागेवर नसतं.

माळावरचे आभाळातून उतरले तेव्हा माझे वडील शाळेत जात होते. जगभर त्यांनी उंच, खडकाळ, उघडे माळ निवडले. आमच्या भागात पुसेगाव आणि साखरा यांच्यामधला. लढाई फारशी झालीच नाही. झाडलेली गोळी त्यांच्यासमोर गवतात अलगद ठेवल्यासारखी पडायची. तिथे लढणार काय? मग त्यांची वस्ती पसरू लागली. ज्या गावाची जमीन हवी, त्याच्या शिवेवर घमेल्याएवढं एक काळं भांडं येऊन बसायचं. लोक त्याला हात लावायला भ्यायचे. दुसऱ्या दिवशी ते रिकामंच परत जायचं, आणि काही दिवसांत गाव उठायचं. कनेरगाव नाक्याहून येणारा रस्ता आज मोठा वळसा घेतो, तो अशाच उठलेल्या गावांना. आपल्याला काही विचारलं जातंय, हे जगात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

साखऱ्याचं भांडं आमच्या आखाड्यापुढे आलं. आखाडा म्हणजे शेतातलं घर. शिवेवरचं ते पहिलंच. मोठी माय तेव्हा नवी सून होती. घरचे सामान बांधत होते. तिने भांडं उचललं, आत पाहिलं, पदराने पुसलं आणि त्यात पसाभर ज्वारीचं पीठ नि गुळाचा खडा ठेवला.

सासूने कपाळावर हात मारला. "अगं बये, हे काहून केलं?"

"कुनाचं का असंना, शेजाऱ्याचंच हाय न, आत्याबाई. रिकामं कसं धाडू?"

भांडं गेलं. गाव उठलं नाही. पुढच्या सुगीनंतर तेच भांडं परत आलं, आत कधीच न निवणारे गरम दगड घेऊन. ते तपासायला दिल्लीहून शास्त्रज्ञ पोचले, तोवर तिने ते खुडूक कोंबडीच्या टोपलीत घालून ठेवले होते.

मी हिंगोलीच्या इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात साखऱ्यावर चार ओळी होत्या आणि शेवटी 'कारण अज्ञात' असं लिहिलेलं होतं. ते वाचताना वर्गात मी मान खाली घालून बसले होते. सुट्टीत गावी गेल्यावर मात्र तिला विचारलं, "ते काय विचारतायत, हे तुला कळलं होतं का गं?"

"त्यात काय कळायचं? भांडं आलं, भांडं गेलं. तुमच्या शाळंत एवढंबी शिकवत न्हाई?"

तिचं ऐकून इतर गावांनीही भांडी भरून पाहिली. कुणी सोनं ठेवलं, कुणी विनंतीअर्ज. ती गावं उठली. ज्यांनी चुलीवरचं काही ठेवलं, ती राहिली म्हणतात. आमच्या सरपंचांनीही गारपिटीच्या वर्षी भांड्यात एक अंगठी टाकली होती. मोठी मायने ती काढून त्यांच्या हातावर ठेवली. "सरपंच, शेजाऱ्याला आहेर करून राहिले का तुमी? घरात आज जे हाय ते द्यायचं." त्या वर्षी माळावर जवसाची चटणी गेली.

एकदा मी तिच्याबरोबर माळावर गेले. सकाळचं ऊन होतं. समोर एक उंच सावली उभी होती, पण ती पाडणारं झाड, भिंत, माणूस, काहीच नव्हतं. चहूबाजूंचं गवत वारा नसताना तिच्याकडे झुकलं होतं. देवळात इतकी वर्षं हात जोडताना जे वाटायला हवं होतं, ते मला तिथे वाटलं. मोठी मायने पदर सारखा केला, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मागल्या टायमाला तळाला माती तशीच होती. घासून देत जा."

सावली हळूहळू वाकली, पार भांड्यापर्यंत.

परतताना मी विचारलं, "राग आला असेल का त्यांना?"

"खरं बोलल्याचा राग शेजाऱ्याला येत नसतो. आला तर तो कसला शेजारी?"

यंदा ज्वारी खळ्यावर असताना मोठी माय गेली. झोपेतच गेली. भांडं तेव्हा आमच्या घरी होतं, रिकामं, आणि ते भरून माळावर पोचवायचे दिवस आले होते. घरात सुतक; चूल बंद. शेजारपाजारचे भाकऱ्या आणून देत होते. सुतकाच्या घरातून बाहेर काही द्यायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी सगळं गाव अंगणात जमलं. सरपंच म्हणाले, "माझ्या घरून भरून आणतो."

"भांडं या घरी आलं, सरपंच. दुसऱ्याच्या घरचं भरलं तर ते त्यांना कळंन," वडील म्हणाले.

"मग वहिनी, तुमी तरी मूठभर पीठ टाका!"

आई भिंतीला टेकून बसली होती. "तिच्या घरात तिचंच सुतक मोडू काय?"

"अन् गाव गेलं म्हंजे?"

भांडं ओसरीवर तसंच होतं. भर दुपारी उभ्या तुरीचे शेंडे एकाएकी माळाच्या दिशेला झुकले. मग धुऱ्याचं, शेताच्या बांधावरचं गवत. मग अंगणातली तुळस. एवढ्या वर्षांत माळावरचे कधी शिवेच्या आत आले नव्हते. लोक बाजूला झाले आणि त्यांच्यामधून सावल्या आत आल्या, किती ते मोजायचं भान कुणाला नव्हतं. त्या ओसरीपुढे जमिनीपर्यंत वाकल्या, मयताच्या घरी माणसं खाली मान घालून बसतात तशा. रिकाम्या भांड्याला त्यांनी हात लावला नाही. त्याच्या शेजारी दुसरं भांडं ठेवलं, स्वच्छ घासलेलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या, आणि मग उठून गेल्या.

वडिलांनी पुढे होऊन आत पाहिलं.

भांड्यात भाकरी होती. जाड, कडा फाटलेली, एका बाजूने करपलेली आणि मधे कच्ची, पहिल्यांदाच थापणाऱ्याची होते तशी. आईने तिचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. अजून वाफ निघत होती.